नऊ नंबरचा मुलगा, विंगची जागा

जून २०२४ मध्ये पुण्यातल्या एका निवासी फुटबॉल अकादमीने माझ्याकडच्या एका मुलाला जागा देऊ केली. राहणं-जेवण त्यांचं; बूट, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचं भाडं आपलं. मुलगा स्ट्रायकर म्हणून, म्हणजे सेंटरला, गोलसमोर खेळणारा म्हणून चाचणीला गेला होता. जागा मात्र राइट विंगला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला होती. उत्तर आठ दिवसांत द्यायचं होतं. त्या आठ दिवसांत आम्ही काय काय बघितलं, कुठे चुकलो आणि पुढच्या दीड वर्षात काय झालं, ते इथे मांडतोय. मुलाचं किंवा अकादमीचं नाव घेत नाही. मैदानावर पोरं त्याला जर्सीवरून 'नऊ' म्हणतात, इथेही तेच चालवू.

मी सोलापुरात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि सकाळ-संध्याकाळ तीसेक पोरांना फुटबॉल. सोलापूर म्हणजे कोल्हापूर नव्हे. तिकडे पेठेपेठेच्या तालमींचे संघ आहेत, मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. आमच्याकडे क्रिकेटचं नेट लागलं की आम्ही आपले गोलपोस्ट उचलून कडेला जातो. मैदान मुरुमाचं. मुरुमावर बॉल टप्पा घेतो तो छातीपर्यंत, आणि कुठल्या दिशेला हे बॉललाच माहीत. त्यामुळे आमची पोरं बॉल पायाखाली दाबायला जात नाहीत, उसळू देतात आणि मागून पळतात. हे इथे मुद्दाम लिहितोय, पुढे कामाला येईल.

नऊ पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात, आई विड्या वळते. दहाव्या वर्षी तो भावाला शोधत मैदानावर आला आणि भाऊ गेल्यावरही थांबला. अनवाणी पळायचा, आणि पळायचा म्हणजे असा की आमच्या मोठ्या पोरांना वळून बघेपर्यंत तो पुढे. मी त्याला सेंटरला ठेवला. सहा वर्षं तिथेच ठेवला. का, तर आम्ही जिंकायचो. याहून मोठं कारण आज शोधलं तरी सापडत नाही.

चाचणी तीन दिवसांची होती. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून आम्ही पुण्याला गेलो. मैदान कृत्रिम गवताचं, सपाट, हिरवंगार. पहिली वीस मिनिटं नऊचा एकही बॉल पायात थांबला नाही. तो उसळीची वाट बघायचा आणि बॉल सरपटत पायाखालून निघून जायचा. दुपारनंतर सावरला. लांबून आलेल्या दोन बॉलवर स्टॉपरला, म्हणजे समोरच्या संघाच्या मधल्या बचावपटूला, मागे टाकून दोन गोल केले, आणि मी कडेला उभा राहून मनातल्या मनात जागा पक्की करून टाकली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कोचने स्टॉपरला चार पावलं मागे उभं केलं. एवढंच केलं. आता मागे मोकळी जागाच नाही. बॉल नऊच्या पायात यायचा, पाठ गोलकडे, पाठीला चिकटून त्याच्यापेक्षा वीतभर उंच पोरगा. पहिल्यांदा त्याने वळायचा प्रयत्न केला, बॉल गेला. दुसऱ्यांदा पुन्हा वळला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा स्टॉपरने मागून नुसता हात कमरेला लावला आणि नऊ हलकेच पुढे झुकला, जसं बसमध्ये ब्रेक लागल्यावर माणूस झुकतो. बॉल मैदानाच्या रेषेबाहेर. कोच कागदावर काहीतरी लिहीत होता. त्या दीड तासात असे अकरा बॉल आले. मी मोजले. टिकले दोन.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला उजव्या बाजूला खेळवलं. संध्याकाळी निरोप आला: मुलगा हवा आहे, विंगर म्हणून.

इथे मी पहिली चूक केली. मुलाला न विचारता मी कोचना फोन लावला आणि सांगितलं, हा जन्माचा स्ट्रायकर आहे, बाजूला टाकलात तर वाया जाईल. माणूस शांत होता. म्हणाला, "सर, सेंटरला त्याला पाठीवर माणूस घेऊन खेळता येत नाही. बाजूला त्याला तोंड गोलकडे करून बॉल मिळेल. आज त्याच्याकडे जे आहे ते तिथे दिसेल. बाकीचं शिकवू." मी फोन ठेवला तेव्हा मला राग आला होता. तो म्हणाला ते खरं होतं, त्याचाच तो राग होता, हे दोन दिवसांनी कळलं.

रिकामी जागा

सोलापूरला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, ६ जूनला, कोलकात्याच्या साल्ट लेक स्टेडियमवर भारत-कुवेत सामना होता. सुनील छेत्रीचा देशासाठीचा शेवटचा सामना. पोरं माझ्या घरी जमली. ०-० सुटला. १५१ सामन्यांत ९४ गोल केलेला माणूस शेवटच्या रात्री गोल न करता, रडत, बाहेर गेला. पोरं गप्प होती. नऊ म्हणाला, "सर, आता त्यांना स्ट्रायकर लागणारच ना? मग मी विंगला कशाला जाऊ?"

सोळा वर्षांच्या मुलाच्या मानाने हिशेब चोख होता. जागा रिकामी झाली, उमेदवार हजर. मीही क्षणभर त्याच्याच बाजूचा झालो. पण भारतात स्ट्रायकरची जागा अशी रिकामी होत नाही. राष्ट्रीय संघात ती रिकामी असते आणि क्लबांत भरलेली. आयएसएल, म्हणजे क्लबांची इंडियन सुपर लीग, २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा अकरा जणांत सहापर्यंत परदेशी खेळाडू चालत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा उतरला, पण ते परदेशी कुठे लावायचे याचं उत्तर बहुतेक कोच सारखंच देतात: एक मागे स्टॉपरला, एक मध्ये, एक पुढे गोल करायला. पैसा तिथे आधी जातो. भारतीय फॉरवर्डला मग बाजूची जागा मिळते, नाहीतर बाक. आयएसएल सुरू झाल्यापासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. याला कोणी एक दोषी नाही. प्रत्येक कोच आपली नोकरी सांभाळतो, आणि त्याची नोकरी रविवारच्या निकालावर असते. मी तरी नऊला सहा वर्षं सेंटरला कशासाठी ठेवला होता?

नऊला मी छेत्रीचंच उदाहरण दिलं. २०१७-१८ मध्ये बेंगळुरू एफसीत सेंटरला व्हेनेझुएलाचा मिकू होता आणि छेत्री डाव्या बाजूला. मिकूचे १५ गोल, छेत्रीचे १४. बाजूला राहून माणसाने सेंटरच्या स्ट्रायकरएवढे गोल केले, कारण बॉल उजवीकडून आला की तो गोलच्या दुसऱ्या, लांबच्या खांबापाशी पोचलेला असायचा. उंची १७० सेंटिमीटर, म्हणजे स्टॉपरशी झटापट करून त्याचं पोट भरलं नसतंच.

नऊ म्हणाला, "तो छेत्री आहे, सर."

यावर काय बोलणार? गप्प बसलो.

वही

मी दर सामन्याची वही ठेवतो. गोल कसा झाला ते दोन-तीन अक्षरांत. 'लां. प.' म्हणजे लांब पास, मागे पळाला, गोल. 'पे.' पेनल्टी. 'रि.' गोलकीपरच्या हातून सुटलेला बॉल. हे लिहिताना मी कधी बेरीज केली नव्हती. बेरीज फक्त गोलांची. रागाच्या भरात मी ती वही काढली ती कोचना दाखवायला, की बघा, हंगामात २७ गोल. आणि मग पानं उलटताना लां. प., लां. प., लां. प. १९ वेळा. चार पेनल्टी. तीन रिबाउंड. एक हेडर, तोही कीपर पडलेला असताना.

पाठीवर माणूस घेऊन, वळून, किंवा दुसऱ्याला बॉल सोडून आत शिरून केलेला गोल एकही नव्हता. सहा वर्षांत मी त्याला ते शिकवलंच नव्हतं. गरज पडली नव्हती. सोलापुरातले बॅक, म्हणजे बचावपटू, त्याच्यामागे पळून दमत होते आणि मी टाळ्या वाजवत होतो.

वही नऊच्या हातात दिली. त्याने स्वतः मोजलं, बोट ठेवून. मग पुन्हा पहिल्या पानापासून मोजलं, जणू माझी बेरीज चुकली असेल. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "विंगवरून पण लां. प. होतं का, सर?"

घरातली बैठक

वडिलांशी बोलायला मी कारखान्यावर गेलो. मागांच्या आवाजात बोलणं म्हणजे ओठ वाचणं. ते त्यात तरबेज, मी नाही. त्यांनी खूण केली, पाळी संपल्यावर घरी.

घरी गेलो तेव्हा आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. दोन माणसांशी बोलताना तिची बोटं थांबली नाहीत. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा, टोक दुमडलं, पुढची. वडिलांना विंग-सेंटर यात रस नव्हता. त्यांचा प्रश्न सरळ होता: यावर घर चालतं का? मी छेत्रीचा प्रवास सांगायला लागलो. १७ व्या वर्षी, २००२ मध्ये, कोलकात्याचा मोहन बागान क्लब. मग २००५ ते २००८ जेसीटी.

"जेसीटी काय?"

"कापड गिरणी. पंजाबात फगवाड्याची. त्यांची फुटबॉल टीम होती."

"गिरणीची टीम?" वडील पहिल्यांदा नीट बसले. त्यांचे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत होते, ती बंद पडली तेव्हा घर मागावर आलं. "मग आता आहे का ती टीम?"

खोटं बोलवेना. १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेली ती टीम २०११ मध्ये बंद झाली. ते मान हलवत राहिले, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. गिरणीवाल्या शहरातल्या माणसाला अशी बातमी नवी नसते.

मी पुढचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगून पोरगं न्यायचं नव्हतं. २००९ मध्ये छेत्रीला इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने घ्यायचं ठरवलं, पण ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. भारताचं फिफा क्रमवारीतलं स्थान पहिल्या ७० मध्ये नव्हतं. म्हणजे पोराचं नशीब पोराच्या पायात तरी किती? २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्ससला गेला, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या राखीव संघात. दोन्हीकडून परत आला आणि इथेच उभा राहिला.

तेव्हा आईने विचारलं, "आणि गुडघा मोडला तर?"

मी म्हणालो, अकादमीत फिजिओ असतो. तिने विचारलं, कागदावर काय लिहिलंय? कागद इंग्रजीत होता. मी वाचून मराठीत सांगायला लागलो, आणि चौथ्या पानावर ते सापडलं: किरकोळ दुखापतीचे उपचार अकादमीकडे, शस्त्रक्रियेचा खर्च पालकांकडे. मी तो कागद आधी दोनदा वाचला होता. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर शस्त्रक्रिया आणि मैदानाबाहेर साधारण नऊ महिने, हे मी रोज पोरांना सांगतो, आणि हे वाक्य माझ्या डोळ्यांखालून दोनदा गेलं. रोज हजार विड्यांतून कारखान्यात किती छाट, म्हणजे नापास, निघणार याचा अंदाज बांधणारी बाई होती ती. तिला पहिलं तेच दिसलं.

दोन गोष्टी ठरल्या. बारावी पुण्यात पूर्ण करायची, फुटबॉल कितीही चांगलं चालो. आणि मी त्याचा स्वतंत्र अपघात विमा काढून द्यायचा, ज्यात शस्त्रक्रिया धरलेली आहे. हप्ता मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी भरला. विंगला जायचं हे त्या बैठकीत कोणी ठरवलंच नाही. नऊने ते बूट बांधताना ठरवून टाकलं होतं.

एक आडवी गोष्ट राहिली, आणि ती ज्यांच्या घरी खेळाडू आहे त्यांनी आधीच तपासावी. फेडरेशनच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ऑनलाइन नोंदणीला जन्मदाखला लागतो. नऊच्या जन्मदाखल्यावर तेलुगू आडनावाचं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. वय चोरणाऱ्यांमुळे कागद कडक तपासतात, ते बरोबरच आहे. पण त्या एका अक्षरापायी पोरगं पहिले सात आठवडे नुसता सराव करत बसलं, सामना नाही.

पुढे

पहिले चार महिने वाईट गेले. त्याला सतरा नंबर दिला होता. डावा पाय नुसता उभं राहायला ठेवल्यासारखा. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर बॉल, मारायचा तर तो पहिल्याच बॅकच्या अंगावर. शिवाय विंगरने मागे पळत जाऊन आपल्या बॅकला मदत करायची असते, हे त्याला कोणी, म्हणजे मी, कधी सांगितलं नव्हतं. रात्री फोन यायचा. आई कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवायची. चटणी खोलीतली पोरं दोन दिवसांत संपवायची, त्याचीही तक्रार.

डिसेंबरात त्यांच्या सेंटर फॉरवर्डचा घोटा मुरगळला आणि नऊला दोन सामने मध्ये खेळवलं. एक गोल. मला वाटलं, झालं, परत जागेवर आला. पण फोनवर त्याने जो गोल सांगितला तो लां. प. नव्हता. डावीकडून क्रॉस, नऊ स्टॉपरच्या मागच्या बाजूने दुसऱ्या खांबाला गेला, कपाळाने आत. तिसऱ्या सामन्याला तो पुन्हा विंगला होता.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला घरी आला. नंदीध्वजांची मिरवणूक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर. आमच्या मोठ्या पोरांत खेळला. एक बॉल त्याच्याकडे आला, पाठ गोलकडे, मागे आमचा सगळ्यात दांडगा स्टॉपर. नऊने वळायचा प्रयत्नच केला नाही. ढुंगण मागे टेकवलं, एक पाय पसरला, बॉल एका स्पर्शात मागे सोडला आणि स्वतः आत पळाला. मुरुमावर. बॉल उसळला तरी. मी शिट्टी वाजवायची विसरलो.

त्याने जूनमध्ये केलेला हिशेब मात्र त्या वर्षाने जवळपास खरा ठरवला. २०२४ मध्ये भारतीय संघाने एकही सामना जिंकला नाही. मार्च २०२५ मध्ये छेत्रीला चाळिशीत परत बोलावलं, आणि १९ मार्चला शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. स्ट्रायकर लागणार होताच. फक्त ती जागा भरायला ज्यांनी तयार व्हायचं होतं, ते क्लबांत बाजूला किंवा बाकावर होते. नऊ यात कुठेच नाही, तो अजून लहान आहे. पण त्याने मेसेज केला: "बघा सर."

मग जुलै २०२५ मध्ये, फेडरेशन आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आल्यावर, आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित झाला. काही क्लबांनी पगार थांबवले. खालच्या पायरीवर त्याचा धक्का वेगळा बसतो: नऊच्या अकादमीने मोठ्या गटाची नवी भरती बंद केली आणि दोन कोच कमी केले. त्याच सुमारास एका माणसाचा वडिलांना फोन आला. पोराला 'प्रोफेशनल' करतो, पाच वर्षांच्या करारावर सही करा. वडिलांनी मला विचारलं म्हणून बरं. १८ पूर्ण व्हायच्या आत खेळाडूला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही, हा फिफाचाच नियम आहे. हे त्या माणसाला कळवल्यावर त्याचा फोन पुन्हा लागला नाही.

नऊ आता बारावीला आहे. आईची अट पाळतोय, कुरकुरत. बारावीनंतर काय, याचे तीन कागद माझ्याकडे आहेत: दुसऱ्या शहरातल्या क्लबच्या राखीव संघाची चाचणी, रेल्वेची खेळाडू भरती, आणि पुण्यातच कॉलेज करून विद्यापीठाकडून खेळणं. वडिलांचा कल रेल्वेकडे. माझाही, खरं सांगायचं तर, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मैदानावर एक बदल केलाय. चौदा वर्षांखालचं प्रत्येक पोरगं एका हंगामात तीन जागांवर खेळतं. आम्ही जास्त हरायला लागलोय. परवा एका अकरा वर्षांच्या पोराचे वडील स्कूटरवरून न उतरताच म्हणाले, "ओ सर, आमच्या पोराला बॅकला का टाकलंय? गोल तोच करतोय की!" मी त्यांना वही दाखवायला गेलो, पण त्यांना घाई होती.

वहीत आता नवे शब्द आहेत. 'पा. मा.', पाठीवर माणूस. 'दु. खां.', दुसरा खांब. नऊला ते माहीत आहेत. दर रविवारी सामना झाला की त्याचा मेसेज येतो, माझ्याच अक्षरांत. गेल्या रविवारचा असा:

"क्रॉ. ४, पोचले २. पा. मा. ३, टिकले ३. दु. खां. १, बाहेर. गोल नाही. जिंकलो."